ऑस्कर की फ्लॉवरहॉर्न

विश्रांतवाडी, पुणे
८ ऑगस्ट २००४

चि. पूर्णिमा,

हे पत्र तू उघडलंस, तेवढ्याबद्दल आशीर्वाद. अक्षर ओळखून न उघडताच टाकलं असशील तर पुढचा मजकूर माझ्यापुरता.

तू घर सोडून बंगळूरला गेलीस त्याला दोन वर्षं दोन महिने झाले. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत ठेवतेस. पत्ता तुझ्या मैत्रिणीने, नम्रताने दिला. सहजासहजी दिला नाही. कशासाठी हवाय, असं दोनदा विचारलं. माशांबद्दल विचारायचंय, असं सांगितलं तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी वर्गणी मागायला आलोय. पण ते खरं आहे.

प्रश्न असा. तू पहिल्या पगारात घेतलेली चार फुटी टाकी अजून हॉलमध्ये आहे. तुझे छोटे मासे तू गेल्यावर चार महिन्यांत एकेक करून गेले. मला वॉचमनचा संशय होता, पण सिद्ध झालं नाही. तेव्हापासून टाकी कोरडी. बायडाबाई रोज तिच्यावर फडकं मारते आणि रोज विचारते, ताई कधी यायच्यात. मी पेपर वाचत असतो.

आता टाकी भरायचं ठरवलं आहे. एकच मासा ठेवायचा, मोठा आणि भांडखोर. लहान, गोड दिसणाऱ्या माशांवर माझा भरवसा नाही. ते आतल्या आत आजारी पडतात आणि एक दिवस उलटे तरंगतात. भांडखोर मासा जे काय करायचं ते तोंडावर करतो. सिक्लिड म्हणतात या माशांना. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जॅग्वार, ग्रीन टेरर अशी नावं वाचली. यातला कुठला घ्यावा? तुला कळतं यातलं. दोन ओळींत कळव, एका ओळीत कळवलंस तरी चालेल. दिवाळीला येऊन टाकी बघून सांगितलंस तर अधिक बरं. तुझी खोली आहे तशी आहे.

वर एक शब्द खोडून शेजारी बारीक सही केली आहे, त्याचं तुला हसू येईल. चौतीस वर्षं खडकीला दारूगोळा कारखान्यात तपासनीस होतो. चूक झाली तर गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खोडलेलं खालून वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खोडणाऱ्याची सही. हात आपोआप करतो. परवा वाण्याच्या यादीत गूळ खोडून साखर केली, तिथेही सही केली.

जाता जाता एक. ज्या निनावी पत्रामुळे तुझा साखरपुडा मोडला, ते तू फाडलंस असं म्हणाली होतीस. खरंच फाडलंस ना? नसलंस तर फाडून टाक. जुनी घाण जवळ बाळगू नये.

तुझा,
बाबा

५ सप्टेंबर २००४

चि. पूर्णिमा,

उत्तर नाही. पोस्टाचा दोष असेल असं म्हणायला मी पोस्टाला चांगला ओळखतो. तेव्हा तुझाच.

पाच दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने फ्लॉवरहॉर्न दाखवला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, अंगावर लाल-निळे ठिपके. म्हणे हा घरात ठेवला की भरभराट होते, आयटीवाले रांगा लावून नेतात. मी विचारलं, मग तुमच्याकडे सात आहेत, तुमच्या दुकानाचं छत का गळतंय? त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दुकानात माशांचे रंग मला जरा जास्तच भडक वाटले. सुईने रंग टोचतात असं ऐकलं होतं. मी भिंग नेलं होतं. भिंग काढल्याबरोबर दुकान बंद करायची वेळ झाली, सकाळी साडेअकरा वाजता.

शेवटी धानोरीच्या रस्त्यावर साईनाथ नावाचा एक जण सापडला. तिशीतला आहे. खराडीची जमीन कंपन्यांच्या इमारतींखाली गेली, त्यातून दुकान टाकलंय. बोलतो रांगडा, पण माशांतलं कळतं. जॅग्वार आणि ग्रीन टेरर त्याने बघताक्षणी बाद केले. जॅग्वार तुमच्या टाकीत मावणार नाही म्हणाला, आणि ग्रीन टेरर त्याच्याकडे होता तो एका डोळ्याने आंधळा होता, हे त्याने आपणहून सांगितलं. आपणहून दोष सांगणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला, त्यामुळे माझा संशय वाढला. राहिले दोन, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न. मी दोन्ही जाळीत काढायला लावले, भिंगातून खवलं पाहिली, कल्ले पाहिले, शेपटीची टोकं मोजली. हे तीनदा झालं. चौथ्यांदा गेलो तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "काका, मासा घ्यायचाय का जावई बघायचाय?"

दुकानातली सगळी माणसं हसली. मी छत्री उचलून घरी आलो. लागलं मला ते.

अभिनवची चौकशी मी केली होती, त्यात गैर काय? मुलगी द्यायची तर कोणता बाप करत नाही? मुलगा अमरावतीचा, इथे आगापीछा कोणी नाही, सॉफ्टवेअरमध्ये कालचं पोर. मी त्याच्या ऑफिसात गेलो, येरवड्याच्या खोलीवर गेलो, खोलीतल्या मित्रांना विचारलं, अमरावतीला माणूस पाठवला. काही सापडलं नाही. एक गोष्ट नाही! माझ्या नोकरीत असा साफ निर्दोष माल मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा पुन्हा तपासायला लावला. पाणी कुठेतरी मुरतच असतं.

मग ते पत्र आलं, की या मुलाचं अमरावतीला आधीच एक लग्न झालेलं आहे. कोणी लिहिलं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरचे तात्याराव. त्यांच्या भाच्यासाठी त्यांनी तुला विचारलं होतं, आपण नाही म्हटलं, त्याचा तो डूख. अडीच वर्षं होतील आता, मी त्यांच्याशी बोलत नाही. जिन्यात भेटले की मान खाली घालतात. चोराच्या मनात चांदणं.

कुठला मासा घ्यावा ते कळव. साईनाथकडे पुन्हा जाणं मला आता अवघड आहे.

बाबा

१० ऑक्टोबर २००४

चि. पूर्णिमा,

साईनाथ स्वतःच घरी आला. म्हणाला, तुमचं काय ठरायचं न्हाय, दोनी ठिवा म्हैनाभर, मग येक परत द्या. टाकीच्या मधोमध काच बसवून दिली. एका बाजूला ऑस्कर, एका बाजूला फ्लॉवरहॉर्न. काच वरून सरकवून बसते, कडेला खाच आहे. "पन काका, काच काडायची न्हाय," असं जाताना दोनदा बजावलं. मी चौतीस वर्षं दारूगोळा हाताळला, मला काच शिकवतो. हवेचा पंप मी बुधवार पेठेतून आणून बसवला, त्याचा आवाज तुझ्या जुन्या पंपासारखाच येतो.

ऑस्कर पहिल्या दिवशी तळाशी कुशीवर आडवा पडला. मला वाटलं, झालं, गळ्यात रोगट माल मारला. साईनाथला फोन करून झापलं. तो म्हणाला, रुसलाय तो, जागा बदलली की रुसतो, घटकाभराने उठंल. मासा रुसतो! मी खुर्ची टाकून समोर बसलो, नाटक कुठवर करतो ते बघायला. दीड तासाने उठला, काचेपाशी आला आणि माझ्याकडे बघत राहिला. आता मी हॉलमध्ये आलो की येतो. बायडाबाई आली तर येत नाही. हातातून कोळंबी घेतो, बोटाला दात लावत नाही. मी त्याला अजून नाव दिलेलं नाही.

फ्लॉवरहॉर्न वेगळाच. काचेवर धडका मारतो, माझ्यावर, फडक्यावर, स्वतःच्या सावलीवर. पण गंमत अशी की मधल्या काचेपाशी गेला की गप्प. दोघं समोरासमोर थांबतात आणि नुसते बघतात. महिना होत आला, एक धडक नाही. साईनाथ म्हणतो, सवय झाली येकमेकांची. मला नाही पटत. एवढे दोन खुनशी मासे आणि भांडण नाही, म्हणजे काय? मी दुपारची झोप सोडून पाहत असतो.

तुला एक बातमी. अभिनवचं लग्न झालं. गेल्या वर्षीच, मे महिन्यात, नागपूरची मुलगी. नम्रताकडून कळलं. तुलाही कळलं असणारच. बघ, वर्षसुद्धा धड थांबला नाही. मी बोललो होतो की नाही?

त्याचे वडील रंगनाथराव आपल्याकडे आले होते, तो दिवस मला सारखा आठवतो. सगळे दाखले घेऊन आले होते बिचारे. ते म्हणाले, ज्या घरात निनावी पत्रावर विश्वास ठेवतात त्या घराशी आम्हाला सोयरीक नको, पण ते पत्र एकदा दाखवा, अक्षर बघू द्या. मी तुझ्याकडे पाहिलं, कारण पत्र तू आदल्या दिवशी माझ्या टेबलावरून उचललं होतंस. तू म्हणालीस, "फाडलं." का म्हणालीस? केराच्या टोपलीत तुकडे नव्हते, मी नंतर पाहिलं होतं. मला वाटतं तुलाही त्या मुलाबद्दल काही माहीत होतं आणि ते तू झाकत होतीस. रागावू नकोस, मी फक्त विचारतोय.

जवळ असेल तर फाडून टाक, एवढंच.

दिवाळी बारा नोव्हेंबरला आहे. बायडाबाईला चकलीची भाजणी करायला सांगितली आहे.

बाबा

२१ नोव्हेंबर २००४

चि. पूर्णिमा,

दिवाळी झाली. चकल्या तात्यारावांशिवाय सगळ्या बिल्डिंगला वाटल्या.

ऑस्कर गेला.

झालं ते असं. गेल्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर पाण्याचा मोठा आवाज झाला. येऊन बघतो तर मधली काच वर उचललेली आणि फ्लॉवरहॉर्नने ऑस्करला कोपऱ्यात गाठलेलं. मी हात घालून काच खाली दाबेपर्यंत त्याचे पर फाटले होते, एक डोळा गेला होता. फ्लॉवरहॉर्नने माझं बोटही फोडलं. ऑस्कर तळाशी आडवा पडला. मला आशा होती की रुसला असेल. मी खुर्ची टाकून बसलो. सोमवारी सकाळी पाहिलं तेव्हा तो वर आला होता, उलटा.

काच आपोआप उचलली जात नाही. ती बायडाबाईने उचलली. फडकं मारताना ती काचेला हात लावते हे मी पूर्वीही पाहिलं होतं. घरात त्या वेळी तीच होती. मी विचारलं तर म्हणते, "म्या कशाला हात लावू, माजं काय काम हाय तितं?" शपथा घेतल्या, रडली. रडणाऱ्यावर माझा विश्वास नाही. अकरा वर्षं होती आपल्याकडे, तुझ्या आईच्या आजारपणात रात्रंदिवस होती, म्हणून कोणाला खोटं बोलायचा परवाना मिळत नाही. तिला काढून टाकलं. वरच्या दोन घरांनाही सांगितलं की सांभाळून राहा. त्यांनीही काढलं.

वरच्या परिच्छेदात एक शब्द खोडला आहे, शेजारी सही आहे. घाईत लिहिलं गेलं.

आता फ्लॉवरहॉर्न राहिला आहे. निवड करायची गरज उरली नाही, तेव्हा तू कळवण्याचीही नाही. तरी लिहिलंस तर बरं वाटेल. घरात आता पंपाशिवाय आवाज नाही.

बाबा

९ जानेवारी २००५

पूर्णिमा,

तुझं पाकीट बुधवारी आलं. जाड होतं, मला वाटलं चार-पाच पानं लिहिलीस. उभ्याउभ्याच फोडलं.

आत माझंच गेल्या खेपेचं पत्र. त्याच्याखाली ते दुसरं, रेघांच्या वहीतलं पान, घड्या पडून मऊ झालेलं. आणि एक चिठ्ठी: "बाबा, मासा कुठलाही ठेवा. बायडाबाईंना परत बोलवा."

मला आधी काही कळलं नाही. मग मी भिंग घेऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले.

नोव्हेंबरच्या पत्रात 'बायडाबाईने' या शब्दाच्या आधी एक शब्द खोडलेला आहे. रेघ एकच आणि आडवी. खालचं स्वच्छ वाचता येतं. 'मी.' शेजारी सही.

काच मीच उचलली. बायडाबाई तेव्हा मागे कपडे वाळत घालत होती. महिना उलटला, दोघं भांडत नव्हते, आणि मला ते सहन होत नव्हतं. मला वाटलं, काहीतरी आहे, ते दिसत नाहीये एवढंच. मी म्हटलं, चार बोटं उचलून बघू. चार बोटांनी काही होईना, म्हणून आणखी उचलली. ऑस्कर माझ्याकडेच येत होता, काचेकडे नाही. मी हॉलमध्ये होतो म्हणून.

आणि ते वहीतलं पान. डाव्या हाताने, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलेलं. 'मुलाचे अमरावतीस आधीच लग्न झालेले असून त्यामुळे आपल्या मुलीचे आयुष्य' वगैरे. 'आपल्या' हा शब्द वरून लिहिलेला आहे. खाली खोडलेलं आहे: 'माझ्या'. एक आडवी रेघ. आणि शेजारी डाव्या हाताने काढलेली, म्हाताऱ्याच्या पावलांसारखी वाकडी, बारीक सही. दि. सो.

दिगंबर सोवनी. निनावी पत्रावर सही करणारा जगात मी एकटाच असेन. खडकीच्या पोस्टात टाकलं, तीन दिवस वाट पाहिली, आलं तेव्हा तुझ्यासमोर फोडलं, चष्मा काढून मोठ्याने वाचलं, आणि मला दिसलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि ही माझी डोळ्यांसमोर होती.

का लिहिलं ते सांगतो. अडीच वर्षं मी स्वतःलाही निराळंच सांगत होतो. सांगत होतो की पोरगा लबाड आहे, फक्त पुरावा नाही, तेव्हा पुरावा तेवढा आपण द्यावा. ते खोटं आहे. लग्नानंतर त्याची कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती, तू जाणार होतीस. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. मला या घरात एकटं राहायची भीती वाटत होती. एवढंच. तू इथे राहावीस म्हणून मी ते केलं आणि तू गेलीस.

आता दुसरी गोष्ट, जी मला बुधवारपासून जेवू देत नाहीये. रंगनाथराव हॉलमध्ये बसले होते, तेव्हा हे पान तुझ्या पर्समध्ये होतं. आदल्या दिवशीच तू ते वाचलं होतंस, नीट वाचलं होतंस. त्यांनी हात पुढे केला होता. तू ते त्यांच्या हातावर ठेवलं असतंस तर त्यांनी मला जन्मभर तोंड दाखवू दिलं नसतं, आणि तुझं लग्न लावून दिलं असतं. तू म्हणालीस, "फाडलं." आणि मी, तुझा बाप, अडीच वर्षं त्यावरून तुझ्यावरच संशय घेत राहिलो. पत्रात लिहूनसुद्धा विचारलं. माझी लाज वाटते मला, पूर्णिमा. तू मला झाकलंस, आणि त्यापायी तुझं सगळं गेलं. याला मी काय करू, ते मला सुचत नाही.

जे सुचलं ते केलं. गुरुवारी येरवड्याला बायडाबाईच्या घरी गेलो. तिने आत बोलावलं नाही. मी दारात उभा राहून सांगितलं, काच मी उचलली होती. ती म्हणाली, "मला ठावं हाय. वरल्या बायांना सांगा." दोन्ही घरांत जाऊन सांगितलं. सोमवारपासून येते म्हणाली, त्यांच्याकडे आधी आणि माझ्याकडे नंतर. तुझ्या आईचं औषध हातात घेऊन बसायची ती बाई, आणि मी तिला खोटारडी म्हटलं होतं.

तात्यारावांच्या दारावर टकटक केली. त्यांनी दार उघडून चपला घालायला सुरुवात केली, त्यांना वाटलं बिल्डिंगची मीटिंग आहे. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पायात सरकवलेली चप्पल काढून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "सोवनी, अडीच वर्षं मी जिन्यात मान खाली घालून जात होतो, ती तुमच्या मुलीचं वाईट वाटत होतं म्हणून." आणि दार लावून घेतलं. जोरात नाही लावलं.

रंगनाथरावांना अमरावतीला रजिस्टर पत्र टाकलं. सगळं लिहिलं, सही केली, पत्ता घातला. अभिनवचं लग्न झालेलं आहे, त्याचा आता काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण त्या माणसाने अक्षर बघायला मागितलं होतं, ते त्याला अडीच वर्षांनी दाखवलं.

साईनाथकडेही गेलो. दुसरा ऑस्कर मागितला. खरं काय झालं तेही सांगितलं. त्याने टाकीवरचं झाकण लावलं आणि म्हणाला, "काका, तुमाला मी ऑस्कर न्हाय देनार." ठीक आहे. त्याच्या जागी मीही दिला नसता. फ्लॉवरहॉर्न परत घ्यायला तो तयार होता, मी दिला नाही. मधली काच काढून त्याला पूर्ण टाकी दिली आहे. दिवसभर आपल्याच सावलीवर धडका मारत असतो. बोटावरची जखम अजून भरलेली नाही, पण खायला मीच घालतो.

मी तुला ये म्हणत नाही. तो हक्क मी गमावला. खोली झाडून ठेवतो, ती माझी सवय समज.

वहीतलं ते पान या पत्रासोबत तुला परत पाठवतो आहे. त्याच्याखाली आज उजव्या हाताने, पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख घालून मी सही केली आहे. कुणाला दाखवायचं असेल त्याला दाखव. सांभाळून ठेव, आणि मी कितीही वेळा सांगितलं असलं तरी फाडू नकोस.

दिगंबर गणेश सोवनी